उपडा ग्लास

दुपारी तीनला मार्लिसने बारचं दार उघडलं, तर पायरीवर एक माणूस आधीच उभा. टोपी हातात, बुटांवर रस्त्यावर बर्फ वितळायला टाकलेलं मीठ. कॉलेजच्या पोरांचा हा बार. या वेळेला आत कोण, तर कोपऱ्यातला हर्ब. एके काळचा न्हावी. मागच्या दाराने येतो, बियर थोडी आणि टोमणे फार.

"आत घे गं त्याला, मार्ली," हर्ब ओरडला. "नाहीतर तिथंच गोठून मरायचा बिचारा."

माणूस आत आला. म्हणाला, "मी वेंडेल. एमेटचा बाप."

हर्बने तोंड ग्लासात घातलं ते वर काढलं नाही.

अकरा दिवस मार्लिस या माणसाची वाट बघत होती, आणि अकरा दिवस देवाला विनवत होती की तो न येवो.

"कुठं बसला होता तो?"

तिने खिडकीजवळचं स्टूल दाखवलं. वेंडेल त्यावर बसला नाही. शेजारच्यावर बसला.

"काय देऊ?"

"काही नको. एकच विचारायचंय." टोपीची कड बोटांनी चाचपत राहिला.

मॅडिसन शहरातल्या बारमधली एक रीत जुनी आहे. तुमचा ग्लास अजून भरलेला असताना कुणी तुमच्यासाठी आणखी एक सांगितलं, की काउंटरवरची बाई एक छोटा ग्लास तुमच्यासमोर उपडा ठेवते. म्हणजे कुणीतरी तुम्हाला पाजणार आहे. पाठवलेलं नाकारायचं नसतं. आणि कायद्याने प्यायची मुभा मिळते त्या एकविसाव्या वाढदिवसाला तर काय, ओळखीचं-बिनओळखीचं सगळं गाव पाजतं. एमेट एकवीस वर्षांचा झाला त्या संध्याकाळी त्याच्यासमोर सात ग्लास उपडे होते. मार्लिसनेच मांडले होते. मांडताना हसली होती मेली! तीस वर्षं काउंटरमागे काढलेली बाई, तिला कळू नये कधी थांबायचं?

सातवा फोनवरून आला होता. "एमेटला एक द्या. ब्रँडी. बापाकडून म्हणा." एवढंच बोलून फोन ठेवला होता.

तिने पोराला सांगितलं. मग तो ग्लास त्याने रांगेतून काढून कोपराजवळ सरकवला. "हा सगळ्यात शेवटी, मार्ली." आणि शेवटीच प्यायला. दोन्ही हातांत धरून, सावकाश. "म्हाताऱ्याने पाठवली, बघ," म्हणाला. डोळे भरले होते त्याचे. त्यानंतर कोटाची बटणंही न लावता पायी निघाला, गाणं म्हणत. सकाळी तळ्याकाठी सापडला. बाकावर बसल्या बसल्या गोठून गेला होता.

पहिल्या सहा ग्लासांनी तो पडला नसता, सातव्याने घात केला. हे मार्लिसला पक्कं ठाऊक होतं. रोज अंथरुणावर ती तेच मोजत होती.

"मी एक पाठवला होता," वेंडेल शेवटी म्हणाला. नजर काउंटरवरच. "तो... प्यायला का हो त्याने?"

हाच प्रश्न. मार्लिसने त्याचा चेहरा पाहिला आणि तिचं मन ठरलं. स्वतःच्या हाताने पोराला मारलं, हे ओझं या माणसाच्या बोडक्यावर कशाला? आपण आहोत की वाहायला.

"नाही," ती म्हणाली. "तुमचा तसाच राहिला. त्याआधीच उठून घरी निघाला तो." खोटं एकदा तोंडातून निघालं की त्याला हातपाय फुटतात. तिने मागच्या फळीवरचा एक छोटा ग्लास उचलला आणि त्याच्यासमोर उपडा ठेवला. "हा बघा. कुणाला हात लावू दिला नाही मी."

हर्बने मान वर केली. त्या संध्याकाळी तोही इथंच होता. मार्लिसने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने परत खाली घातली.

तिला वाटलं, आता हा सुटल्यासारखा श्वास सोडेल.

वेंडेल ग्लासाकडे बघत राहिला.

"दीड वर्ष बोलत नव्हता माझ्याशी," तो म्हणाला. "चूक माझीच. त्याच्या आईच्या मयताच्या दिवशी नको ते बोलून बसलो. म्हटलं, तूच तिला खाल्लंस. त्यानंतर त्याने फोन उचलला नाही, पत्रं परत पाठवली. मग म्हटलं, बारमध्ये पाठवलेलं कुणी नाकारत नाही. प्यायला तर समजायचं, पोराने पदरात घेतलं." त्याने नाक टोपीला पुसलं. "नाही घेतलं. असू दे. त्याचा हक्कच होता तो."

मार्लिस उगाच काउंटर पुसायला लागली. प्यायला होता, सांगावं? दोन्ही हातांत धरून प्यायला, डोळ्यांत पाणी आणून? मग तो विचारणार, कितवा? आणि शेवटचा, सातवा म्हटलं की मग?

"हा मी नेऊ का?" वेंडेलने विचारलं.

तिने मान डोलावली.

त्याने ग्लास उचलला. सरळ केला नाही. उपडाच तळहातावर ठेवून, त्यात काही असल्यासारखा जपत दाराकडे निघाला. हर्ब काउंटरवरून पुढे वाकला. "मार्ली," तो कुजबुजला, "अगं, बोल ना!"

वेंडेलचा हात दाराच्या मुठीवर गेला.

"अहो!" मार्लिसने हाक मारली.

तो वळला. चेहऱ्यावर एवढीशी आशा होती.

"पायरीवर बर्फ आहे," ती म्हणाली. "सांभाळून उतरा."