साचलेले मैल

दोन वर्षांनी आर्णीला घरी आलेल्या धम्मरत्नने बसल्या बसल्या आईपुढे लॅपटॉप उघडला. "आई, महिनाभर फिरू. श्रीलंका, थायलंड, पार जपानपावतर. बुद्धाचे मोठमोठे विहार दाखवतो तुले. तिकीट फुकट."

"फुकट कोन देते बापू?" कांताबाईने विचारलं.

"विमानानं जेवढं फिरलं, तेवढे मैल आपल्या नावावर चढते. लय साचले का विमानवालेच तिकीट देते."

कांताबाईचा चेहरा कौतुकाने फुलला. "मंग तू तं जगभर फिरला असशीन."

"जग कुठलं वो आई. दिल्ली ते नागपूर न् नागपूर ते दिल्ली, दोन वर्षं तेच. नागपूरले उतरलो का हापिसच्या गाडीनं कळंबकडच्या गावायमंदी. तिकडं कापूस बुडाला नं, तं घरोघरी जाऊन लोकायची विचारपूस करा लागे..."

बोलता बोलता त्याने जीभ चावली, पण उशीर झाला होता. आईचा फोन आला की 'दिल्लीतून निघनंच होत नाई' हे त्याचं ठरलेलं उत्तर. आणि कळंबहून आर्णी एस.टी.ने दोन तासांवर.

कांताबाई स्क्रीनवरचं जपान तेवढं पाहत राहिली.

तेवढ्यात शेजारची मोनाली दारातून डोकावली. "काकू, दादा लय दिवसांनी दिसले वो."

धम्मरत्नची मान वर होईना.

"लय दूर रायते वं तो," कांताबाई म्हणाली. "येनं होत नाई त्याले."