मॅडमची मुलगी

सुरभी तिसरीत आपल्या आईच्याच वर्गात होती. पहिल्या दिवशी तिच्या तोंडून चुकून "आई" निघालं, तेव्हा मेश्राम मॅडमनं तिला सगळ्यांसमोर दटावलं होतं, "शाळेत मी आई नाही, मॅडम आहे."

दिवाळीनंतर वर्गात फुलेश्वरी आली. तिचे आईबाप छत्तीसगडहून बाभुळगावला कापसाच्या जिनिंगवर कामाला आले होते आणि तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. मॅडमनं तिला आपल्या खुर्चीजवळ बसवलं, तिचे गुंतलेले केस विंचरले, वेणी घालून दिली. डब्यातली अर्धी पोळीसुद्धा तिलाच दिली. सुरभीनं आपला डबा अर्धाच खाऊन बंद केला.

सुट्टीत तिनं फुलेश्वरीला नळाजवळ गाठलं.

"यहाँ मॅडम को 'आई' बोलते," ती म्हणाली.

दुपारी फुलेश्वरी पाटी घेऊन उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "आई!"

सगळा वर्ग हसला. आता हिला चांगली बोलणी बसतात, म्हणून सुरभी टक लावून बघत राहिली.

मॅडमनं खडू ठेवला आणि फुलेश्वरीला कुशीत ओढलं. "काय वं माय?"



सुरभीनं हात वर केला. "मॅडम, पाणी प्याले जाऊ?"