छत्तीस अंशांची फट

२१ नोव्हेंबर, सायंकाळी सव्वासहा. टेबलावर पुठ्ठ्याचे बारा सुसम पंचकोन आणि इरावतीची वही. ‘फट न ठेवता जोडा’ या प्रश्नाखाली तिने आजोबांच्या, म्हणजे आप्पांच्या, सांगण्यावरून लिहिले होते, ‘अशक्य, छत्तीस अंश उरतात.’ त्या उत्तराशेजारी शाळेतल्या बाईंचे लाल शून्य होते.

“बाकी सगळ्यांचे बसले, आप्पा! उद्या पुन्हा करून आणायचंय.”

“तीन कोपरे जुळवले की तीनशे चोवीस अंश. पूर्ण फेरी तीनशे साठांची. फट राहणारच, बाळा.” कारखान्यात आराखडे काढून निवृत्त झालेल्या आप्पांनी कोनमापक खिशात घातला. “मीच बाईंना दाखवतो.”

“शाळेत नका येऊ! सगळे हसतील मला.”

आप्पा पुन्हा खाली बसले. इरावतीने कात्री घेतली आणि प्रत्येक पंचकोनाच्या दोन्ही बगला छाटल्या. त्यांनीच शिकवल्याप्रमाणे, रेघ आखून, अगदी सरळ. बाजू पाचच राहिल्या, पण आकार आता घरासारखा झाला. तुकडे जोडले, फट बुजली.

“आता मोजत बसू नका हं,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वही तिने आप्पांना दाखवली नाही, बाबांना दाखवली. दहापैकी दहा.