झिलेतली चूक

या, असे पुढे सरकून बसा. सतरंजी मोठी आहे, सगळे मावाल. एका शब्दाची गोष्ट सांगतो. ऐकून घरी जाल ते हलके होऊन जाल.

"आपण कोण?" आनंदीबाईंनी विचारलं.

पुण्यात एखाद्याला उंबऱ्याबाहेरच ठेवायचं असलं की त्याला 'आपण' म्हणतात. चर्चच्या पायरीवर उभा असलेला माणूस पुण्याचा नव्हता, तरी त्याला ते कळलं. तो एक पायरी खाली उतरला.

"मी महिपती. कंपनीच्या गाडीवरचा तो ड्रायव्हर मीच, बाई. शिक्षा भोगून आलो. माफी मागाले आलो."

आनंदीबाईंच्या हातातले टाळ एकमेकांवर आपटले. त्यांचा मुलगा विश्वजीत खराडीतल्या एका नव्या, काचेच्या ऑफिसात लागला त्याला अपघाताच्या दिवशी जेमतेम चार महिने झाले होते. सलग तीन पाळ्या गाडी हाकून थकलेल्या या माणसाचा सकाळी सकाळी डोळा लागला आणि समोर विश्वजीतची स्कूटर होती. एवढंच. त्यालाही तीन वर्षं होऊन गेली.

"आपण आता निघावं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

आत बाळबुवांचं ख्रिस्ती कीर्तन सुरू होत होतं. बुवांच्या मागे उभं राहून ध्रुपद उचलायचं, म्हणजे झील धरायची, हे आनंदीबाईंचं तीस वर्षांचं काम. शब्दाला फार कडक बाई. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की भर कीर्तनात टाळ थांबवून दुरुस्त करायच्या. पाळकसाहेबांनाही सोडलं नव्हतं. विश्वजीत म्हणायचा, "आई, तू स्वर्गात गेलीस की देवदूतांचं शुद्धलेखन तपासशील." तो गेला आणि बाईंचा गळाच मिटला. टाळ वाजत, तोंड उघडत नसे. बुवा बिचारे एकटेच गात आणि स्वतःची झील स्वतःच ओढत.

बुवांनी पद लावलं:

एका घरचे आपण सारे, एक आपुला बाप
तुटल्या मना सांधी येशू, पुसुनी टाकी पाप

त्या दिवशी बुवांचा घसा बसलेला. दुसऱ्याच फेरीला ठसका लागला आणि सूर तुटला. त्यांनी मागे वळून पाहिलं. आनंदीबाईंचे ओठ हलले, पण आवाज काही येईना. 'प्रभू, एवढी ओळ तरी उचलू दे रे,' त्या मनात म्हणाल्या. पेटी नुसतीच वाजत राहिली.

तेवढ्यात दाराकडून एक जाडाभरडा आवाज आला. महिपती गेलाच नव्हता. चपलांपाशी बसून होता. गावच्या भजनात वाढलेला माणूस, झील पडलेली त्याला सोसली नाही. डोळे मिटून त्याने ओळ उचलली:

"एका घरचे तुम्ही सारे..."

टाळ थांबले.

"तुम्ही नाही हो!" आनंदीबाई कडाडल्या. "आपण! एका घरचे आपण सारे!"

बाईंना तीन वर्षांनी कीर्तनात स्वतःचा आवाज ऐकू आला. आणि मागोमाग, स्वतःचा शब्दही.

महिपती उठून उभा राहिला होता. "बाई... मले बी धरता त्यात?"

आनंदीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. कबरीच्या तोंडावरची धोंड कोणीतरी लोटून द्यावी तसा त्यांचा श्वास मोकळा झाला.

"शब्दच तसा आहे," त्या म्हणाल्या. "तो बदलणारी मी कोण? या, आत या. आणि सुरात म्हणा."

त्या संध्याकाळी दोन गळ्यांनी झील धरली. एक रडवेला, एक बेसूर. बुवा म्हणाले, एवढं गोड कीर्तन माझ्या हातून कधी झालं नाही, आणि आजही माझ्या हातून झालंच नाही.

तर मंडळी, आता प्रार्थनेला डोळे मिटाल तेव्हा महिपतीची आठवण ठेवा. नाव विसरलात तरी चालेल. फक्त 'आपण' म्हणताना त्याला उंबऱ्याबाहेर ठेवू नका.