सरळ रेघ

१९६४ साली अमरावतीच्या आमच्या वैमानिक-वर्गात जमिनीवरच उडायला शिकवणारी एक बिनखिडक्यांची लाकडी पेटी होती. आतला जसा चालवील, तशी बाहेर नकाशावर शाईची रेघ उमटे. विमानाचा तोल साधणारा ट्रिम नीट लावला असेल तर सुकाणूची दांडी सोडली तरी रेघ सरळ येई.

उद्या वर्गातल्या मोतीरामची हवाई दलाची चाचणी होती. पण त्याने दांडी सोडली की रेघ मूर्तिजापूरजवळच्या त्याच्या गावाकडे वळे. पेटीची देखभाल माझ्याकडे होती; मी ट्रिम तीनदा तपासला. चूक सापडली नाही.

"मायची आठवण येऊन राहिली काय बे?" शिकवणारे रामराव सर हसले. "रेघ सरळ आल्याबिगर झाकण निघत नाई."

"सर, खाली आमचं वावर दिसून राहिलं," मोतीराम आतून म्हणाला. "माय कापूस येचून राहिली. दांडी ओढली तरी विमानाचं नाक वर येत नाई, सर!"

बाहेर नकाशाच्या टेबलावरचा उंचीचा काटा उतरू लागला. मी वीज तोडली. काटा उतरतच राहिला.

"माय, सरक! बाजूले सरक!"

काटा शून्यावर टेकला. रेघ गावावर थांबली. पेटीतून आवाज येईना.

सरांनी रेघेच्या शेवटच्या तुकड्यावर पट्टी ठेवली.

"आली सरळ," ते म्हणाले, आणि त्यांनी झाकणाची कडी काढली.