बोट उचलेपर्यंत

मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये संपतरावांची दुपार गावच्या देवळातल्या कीर्तनाशिवाय सरत नसे. मुलीने, भक्तीने, लॅपटॉपवर लाँचर नावाचं छोटं ॲप टाकून शॉर्टकट शिकवला होता. दोन बटणं दाबून धरली की देवळाच्या वेबसाइटवरचं थेट कीर्तन दाखवणारी छोटी खिडकी उघडायची, बोट उचललं की मिटायची.

बाल्कनीतल्या उन्हात त्यांची बायको कांताबाई मटार सोलत होत्या. स्टीलच्या पातेल्यात दाणे टपटपत होते.

संपतरावांनी बटणं दाबली. कीर्तनाचा पहिला भाग, पूर्वरंग, चांगला रंगला होता. "अगं, पुढच्या रांगेत एक बाई बसलीय. शालसुद्धा तुझ्यासारखीच, जांभळी."

उत्तर आलं नाही. टपटपही थांबली होती.

त्यांनी बोट उचललं. दाणे पुन्हा पडू लागले. "मग तिलाच सांगा की मटार सोलायला," कांताबाई म्हणाल्या.

"मध्येच गप्प का झालीस?"

"मी? बिल्कुल नाही."

संपतरावांनी शॉर्टकट न वापरता तेच कीर्तन ब्राउझरमध्ये उघडलं. पुढच्या रांगेतली ती जागा रिकामी होती, आणि बाल्कनीत दाणे पडत होते.

देवाचं नाव घेऊन त्यांनी पुन्हा बटणं दाबली. बाल्कनी गप्प झाली. खिडकीत पूर्वरंग संपला होता, बुवांना हार घातला जात होता. श्रोत्यांना बुक्का लावत सेवेकरी जांभळ्या शालीपाशी आला. बाईने कपाळ पुढे केलं आणि मग मान वळवून थेट संपतरावांकडे पाहिलं. कांताबाईच होत्या. हातात अर्धी सोललेली शेंग होती.

"कांता, ऊठ तिथून," म्हणत त्यांनी बोट उचललं.

खिडकी मिटली नाही. उत्तररंग सुरू झाला.