स्टेजवरची सनई

सटवाजीच्या वाजंत्रीचा त्याच्या लेकानं, भुजंगनं, आधी लाल कोटांचा ब्रास बँड केला. शहाऐंशी साली कॅसिओ आणला, गड्यांना चंदेरी जॅकेटं आणि काळे गॉगल चढवले आणि त्याचीच डिस्को पार्टी केली. सगळं बदललं, पण अक्षतांना लोकांना सनईच लागायची, आणि सनई काही भुजंगला कधी आली नाही.

पाथरीच्या लग्नात त्यानं धोतर-मुंडाशातल्या बापाला स्टेजमागं कनातीआड बसवलं, माईक पुढ्यात ठेवला आणि त्याच्याकडं न बघताच म्हणाला, "आबा, ह्या जॅकेटांत तुमी शोभत न्हाईत. हितूनच वाजवा. आन् मी येऊन सांगेस्तोवर थांबू नका."

"बरं," म्हणत म्हाताऱ्यानं पोतं अंथरलं.

स्टेजवर भुजंगनं बापाचीच तडकलेली जुनी सनई तोंडाला लावली. गाल तर असे फुगवले, की बघणाऱ्यालाच धाप लागावी. अक्षता पडल्या तरी मांडव जेवणाकडं वळेना. नवरीचे वडील दिनकरराव डोळे पुसत, हातात फेटा घेऊन स्टेजवर चढले.

"लय रडवलंस, लेका! बापाचं नाव काढलंस!"

भुजंगनं सनई तोंडातून काढली, हात जोडले आणि फेट्यासाठी मान वाकवली.



भरल्या मांडवात कनातीआडची सनई, लेकाच्या शब्दाखातर, वाजतच राहिली.